जनुकांच्या जोडीत वरचढ कोण?

सहाव्या बोटाचे मूल बहुतेक गावांत कोणी ना कोणी पाहिलेले असते. काही घराण्यांत हे बोट पिढ्यान्‌पिढ्या उतरत येते, आणि पाठ्यपुस्तकाच्या भाषेत तो ‘प्रभावी’ गुण असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून जनुकाची बदललेली प्रत मिळाली की सहावे बोट येऊ शकते, मग दुसरी प्रत नेहमीची का असेना. पाच बोटे या जोडीत ‘अप्रभावी’ ठरतात. तसे असेल तर सहा बोटांची माणसे वाढत जाऊन पाच बोटांची कमी का होत नाहीत? प्रश्न शाळकरी वाटतो, पण १९०८ साली लंडनमध्ये उडनी यूल या जाणत्या संख्याशास्त्रज्ञाने तो विचारला होता. चर्चा आखूड बोटांच्या व्यंगाची होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका घराण्यात हे व्यंग मेंडेलच्या नियमाप्रमाणे उतरते, असे विल्यम फॅरबी यांनी १९०५ मध्ये दाखवले होते. माणसातला प्रभावी गुण म्हणून नोंदलेले हे पहिले ठळक उदाहरण. गुण प्रभावी असेल तर काळाच्या ओघात चारांपैकी तिघांची बोटे आखूड दिसायला हवीत, असे यूल यांचे म्हणणे. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांना चटकन उत्तर सुचेना. त्यांनी प्रश्न आपले क्रिकेटचे सोबती, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. हेच हार्डी पुढे रामानुजनना केंब्रिजला घेऊन आले. हार्डींनी शाळेतल्या बीजगणितावर भागेल असे उत्तर एका छोट्या पत्रात लिहिले: जोडप्यांची निवड या गुणाकडे पाहून होत नसेल आणि कोणाला जगण्यात जास्तीचा फायदा-तोटा नसेल, तर जनुकाच्या दोन्ही रूपांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या होते तेच राहते. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनी त्याच वर्षी, त्यांच्याही आधी, हेच मांडले होते.

शतक उलटून गेले तरी यूल यांची शंका जनमानसातून गेलेली नाही. प्रभावी म्हणजे बलवान, म्हणून जास्त आढळणारे, म्हणून बहुधा चांगले. अप्रभावी म्हणजे दुबळे, मागे पडलेले, कधीतरी नाहीसे होणारे, अशी एक समजूत सुशिक्षितांच्याही मनात घट्ट बसलेली असते. रक्तगटाचे उदाहरण घेतले तरी ती कोसळते. ओ गट अप्रभावी आहे, तो दिसायला ओच्या दोन प्रती लागतात. तरी जगात सर्वांत जास्त माणसे ओ गटाचीच आहेत. सहावे बोट प्रभावी असून दुर्मीळच राहिले. माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. प्रभावी असणे हा जनुकाचा अंगभूत गुण नाहीच. जोडीतल्या दोन प्रतींमधले ते एक नाते आहे, आणि ते नातेही आपण शरीराच्या कोणत्या पातळीवर पाहतो त्यानुसार बदलते. हा केवळ शास्त्रातला काथ्याकूट नाही. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या हातात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या तपासणीचा कागद आहे किंवा येणार आहे, आणि तो कागद कसा वाचावा हे या मुद्द्यावर ठरते.

अप्रभावी जनुक करते तरी काय? बहुतेक वेळा ते काहीच करत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अल्काप्टोन्यूरिया या आजाराविषयी लिहिले. या आजारात बाळाची लघवी हवेत राहिली की काळी पडते, आणि लंगोटावरचे डाग पाहून आई घाबरते. गॅरॉड यांच्या लक्षात आले की अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा एकमेकांचे चुलत-मावस नातेवाईक असतात, आणि स्वतः मात्र ठणठणीत असतात. माणसातल्या अप्रभावी आनुवंशिकतेची ही पहिली नोंद. कारण नंतर उलगडले. अन्नातल्या प्रथिनांमधून येणारा एक पदार्थ मोडणारे विकर अशा मुलांत तयारच होत नाही. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असलेल्या आईवडिलांत ते साधारण निम्म्या प्रमाणात तयार होते आणि तेवढ्यावर काम निभावते. शरीरातल्या रासायनिक साखळ्या लांब असतात आणि एखाद्या विकराची निम्मी मात्रा कमी झाली तरी साखळीचा एकूण वेग फारसा घटत नाही, हे हेन्रिक कॅक्सर आणि जिम बर्न्स यांनी १९८१ मध्ये गणिताने दाखवले. म्हणजे चांगल्या प्रतीने बिघडलेल्या प्रतीला दाबून टाकले, असे इथे काही घडलेलेच नाही. एक प्रत काम करत होती, दुसरी करत नव्हती, आणि एकीचे काम पुरेसे होते.

मेंडेलच्या वाटाण्यांचीही कथा हीच. गुळगुळीत दाणे प्रभावी आणि सुरकुतलेले अप्रभावी. त्याच्या मोजणीत ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. सुरकुत्या पडतात त्या स्टार्चला फांद्या फोडणारे एक विकर बिघडल्यामुळे. हे जनुक इंग्लंडमधल्या नॉरिच येथील संशोधकांनी १९९० मध्ये हुडकून काढले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०८ मध्ये, डार्बिशर या संशोधकाने संकरित दाण्यांतले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. दाणा बाहेरून पूर्ण गुळगुळीत. आतले कण मात्र धड या पालकासारखे नव्हते, धड त्या पालकासारखे नव्हते, मधलेच होते. नुसत्या डोळ्यांना जे जनुक पूर्ण प्रभावी दिसत होते ते भिंगाखाली अर्धवट प्रभावी निघाले. दाणा तोच, जनुके तीच; बदलले ते फक्त पाहण्याचे अंतर.

याचे सर्वांत बोलके मानवी उदाहरण आपल्या दारातच आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड-माडिया वस्त्यांत, नंदुरबारच्या सातपुड्यात भिल्ल-पावरा समाजात, आणि विदर्भातल्या इतरही अनेक समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. तो व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास शोधला. पण या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी ताठ विळ्यासारखी होते. १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, रक्त उणे पडते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा येतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर हा आजार. दवाखान्यात त्याला ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एक बिघडलेली आणि एक चांगली असेल तर ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक. वाहक शेतावर राबतो, पोलीस भरतीला धावतो, मुलेबाळे वाढवतो. आपल्यात काही वेगळे आहे हे त्याला बहुधा जन्मभर कळतही नाही. आजाराच्या पातळीवर उत्तर स्पष्ट आहे: सिकलसेल अप्रभावी.

आता त्याच वाहकाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्या. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळून प्राणवायू काढून टाका, वरची काच कडेने बंद करा आणि काही वेळाने पाहा. तंदुरुस्त वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. गावपातळीवर होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत तर वाहक आणि रुग्ण वेगळे काढताच येत नाहीत. दोघांचेही रक्त नळीत गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दोघांच्याही बाबतीत दिसेनाशा होतात. म्हणूनच या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेल्याला पुढची तपासणी करावी लागते. या पातळीवर एकच प्रत परिणाम दाखवायला पुरते, म्हणजे सिकलसेल प्रभावी म्हणायला हवे. पुढची तपासणी इलेक्ट्रोफोरेसिसची असेल तर आणखी तिसरे उत्तर मिळते. विजेच्या दाबाखाली वाहकाच्या हिमोग्लोबिनचे दोन पट्टे पडतात, एक ‘ए’चा आणि एक ‘एस’चा, ‘एस’चा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हेच दाखवून सिकलसेलला रेणूचा आजार म्हटले. इथे कोणी कोणाला झाकत नाही. दोन्ही जनुके आपापले हिमोग्लोबिन बनवत असतात. याला सहप्रभाविता म्हणतात.

इतक्यावर संपत नाही. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवले की एक प्रत असलेल्या मुलांना फाल्सिपेरम मलेरियापासून चांगलेच संरक्षण मिळते. संरक्षणाला एक प्रत पुरते, म्हणून त्या दृष्टीने गुण पुन्हा प्रभावी. आणि मलेरियाच्या मुलखात शेवटी जगते कोण, असा हिशेब मांडला तर दोन चांगल्या प्रती असलेला मलेरियाने दगावतो, दोन बिघडलेल्या असलेला सिकलसेलने दगावतो आणि एक-एक असलेला दोघांपेक्षा सरस ठरतो. या हिशेबात प्रभावी-अप्रभावी हे खानेच अपुरे पडतात. जंगलपट्ट्यात, जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथेच हे जनुक टिकून का राहिले याचे उत्तर या चौथ्या हिशेबात आहे. त्याला ‘वाईट जनुक’ म्हणणाऱ्याने डासांचा इतिहास वगळलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग मेंडेल चुकला का? मुळीच नाही. मेंडेलचा खरा शोध असा की जोडीतल्या दोन प्रती एकमेकींत मिसळत नाहीत. बीजपेशी बनताना त्या वेगळ्या होतात आणि अपत्याला त्यांपैकी एकच, जशीच्या तशी, मिळते. हा नियम सिकलसेलला, रक्तगटाला, सहाव्या बोटाला सारखाच लागू आहे. प्रभाविता ही त्याच्या निवडलेल्या सात गुणांपुरती सोयीची बाब होती, आणि हे त्यालाही ठाऊक होते. फुलण्याच्या काळात संकरित रोपे दोन्ही पालकांच्या मध्ये पडतात, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. उंच-बुटक्यांच्या संकरात तर काही रोपे उंच पालकाहूनही उंच निघाली. पाठ्यपुस्तकांनी प्रभावितेला नियमाचा दर्जा दिला आणि प्रती वेगळ्या होण्याची मूळ गोष्ट तिच्या सावलीत गेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चांगली प्रत पुरेशी ठरते म्हणून आजार अप्रभावी होतात, हे मान्य. पण प्रभावी आजारांचे काय? तिथे तरी बिघडलेले जनुक खरोखर वरचढ नसते का? काही ठिकाणी तसे म्हणता येईल. हंटिंग्टनच्या आजारात जनुकातली तीन अक्षरांची एक ओळ गरजेपेक्षा जास्त वेळा, ४० किंवा त्याहून अधिक वेळा, लिहिली जाते. त्यातून बनणारे प्रथिन मेंदूतल्या पेशींना घातक ठरते. दुसऱ्या प्रतीचे प्रथिन चांगले असले तरी त्याने विषाचा उतारा होत नाही. पण प्रभावी आजारांचे पोट उघडून पाहिले की आत वेगवेगळ्या यंत्रणा निघतात. कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढीत रक्तातले कोलेस्टेरॉल टिपणारे निम्मे ग्राहक रेणू पुरत नाहीत, म्हणून एक प्रत बिघडली तरी कोलेस्टेरॉल वाढते आणि ऐन चाळिशीत हृदयविकार गाठू शकतो. दोन्ही बिघडल्या तर तो बालपणीच येऊ शकतो. हाडे आखूड राहण्याच्या अकाँड्रोप्लेशियातही तसेच: एक प्रत बुटकेपणा देते, दोन प्रती बहुधा जन्मानंतर लवकरच जीव घेतात. खऱ्या अर्थाने पूर्ण प्रभावी असते तर एक आणि दोन प्रतींत फरकच दिसायला नको होता. माणसातल्या ज्या आजारांना आपण प्रभावी म्हणतो त्यांपैकी पुष्कळ या कसोटीवर अर्धेच प्रभावी ठरतात. दोन प्रतींची माणसे क्वचितच जन्माला येतात, म्हणून ते ध्यानात येत नाही, इतकेच. आणि सहाव्या बोटाबाबत तर बदललेली प्रत असूनही बोट न येण्याचीही उदाहरणे आहेत. आजोबांना सहा बोटे, वडिलांना पाच, नातवाला पुन्हा सहा. वडिलांकडे जनुक होते. ते उमटले नाही.

जनुक असणे आणि ते दिसणे यांतले हे अंतर मुंबईत लागलेल्या एका शोधाने जगाला शिकवले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये अशा व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांचे रक्त तपासणीत ओ गटासारखे दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. ए आणि बी ही शर्करेची चिन्हे पेशीवर चढण्याआधी तिथे ‘एच’ नावाचा पाया लागतो. तो पाया घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ए किंवा बीचे जनुक धडधाकट असूनही चिन्ह बसवायला जागाच उरत नाही. ए आणि बी एकमेकांशी सहप्रभावी, ओवर प्रभावी. आणि तरीही दुसऱ्याच एका अप्रभावी जोडीपुढे दोघेही गप्प. भारतात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची सापडते, युरोपात दहा लाखांत एखादी. याचा व्यवहारातला अर्थ नाजूक आहे. कागदावर ‘ओ’ असलेली आई बॉम्बे गटाची असेल तर तिच्याकडून बाळाला बी जनुक जाऊ शकते, आणि वडील ओ असूनही बाळ बी गटाचे निघू शकते. रक्तगटाच्या तक्त्यावर बोट ठेवून कोणाच्या चारित्र्यावर संशय घेणाऱ्यांना हा तक्ता अर्धाच ठाऊक असतो. बहिरेपणातही असेच घडते. जन्मतः बहिऱ्या आईवडिलांचे मूल ऐकणारे निघाले तर नवल वाटते, पण दोघांचा बहिरेपणा दोन वेगळ्या अप्रभावी जनुकांचा असेल तर मुलाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत मिळतेच.

शाळेत या विषयाची ओळख होते ती जीभ गुंडाळण्याने आणि कानाच्या पाळीने. कोणाची जीभ नळीसारखी होते, कोणाची पाळी चिकटलेली, कोणाची मोकळी, असे हात वर करून मोजले जाते. खरे तर ही उदाहरणे वर्गातून कधीच हद्दपार व्हायला हवी होती. जीभ गुंडाळणे साधे प्रभावी आहे, असे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये सुचवले. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या पाहणीत असे निघाले की एकाची जीभ गुंडाळते आणि दुसऱ्याची नाही, अशाही जोड्या आहेत. जनुके सारखीच असताना गुण वेगळा, म्हणजे तो एका जनुकाचा साधा खेळ नव्हे. स्टर्टेव्हंट यांनी स्वतः १९६५ मध्ये आपला दावा सोडला. पुस्तकांनी तो अजून धरून ठेवला आहे. कानाच्या पाळीशी निगडित जागा २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात ४९ निघाल्या. घाऱ्या डोळ्यांचेही तसेच. एक-दोन जनुकांचा वाटा मोठा असला तरी बाकीची लुडबुड करतातच, आणि घाऱ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचे मूल होऊ शकते. उंची, वर्ण, मधुमेहाचा कल अशा रोजच्या कुतूहलाच्या बहुतेक गुणांना प्रभावी-अप्रभावी हे माप लागूच पडत नाही. ते लागू पडते मुख्यतः एका जनुकावर चालणाऱ्या आजारांना.

आणि तिथे मोजमाप चुकले की परिणाम भयंकर होतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ‘सदोष’ माणसांना अपत्ये होऊ न दिल्यास दोष निघून जातील, या समजुतीवर कायदे झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि त्या देशात एकूण ६० हजारांहून अधिक लोकांवर ती लादली गेली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. माणुसकीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी यातले गणितच खोटे होते. एखादा अप्रभावी आजार दहा हजारांत एकाला होत असेल तर त्याच दहा हजारांत वाहक सुमारे १९८ असतात. बिघडलेल्या एकूण २०० प्रतींपैकी फक्त दोन रुग्णाकडे आणि १९८ तंदुरुस्त लोकांकडे. सगळ्या रुग्णांना अपत्ये होऊ दिली नाहीत तरी शंभरात एक असलेला आजार दहा हजारांत एकावर यायला ९० पिढ्या लागतील, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षे. हा हिशेब मांडणारे १९१७ मध्ये पुन्हा तेच पनेट होते. तो वाचूनही कायदे झाले, हे शास्त्रापेक्षा राजकारणाबद्दल जास्त सांगते.

आपल्याकडे हीच गफलत वेगळ्या वेशात दिसते. सगोत्र विवाह टाळणे ही आपली जुनी आनुवंशशास्त्रीय दक्षता, असे अभिमानाने सांगितले जाते. गोत्र वडिलांकडून चालते. वीस पिढ्यांपूर्वीचा एक पुरुष पूर्वज समान असलेल्या दोघांत त्याच्याकडून आलेले सामायिक जनुक जवळजवळ उरलेले नसते. उलट मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची म्हणून चालते, आणि तिच्याशी मात्र आठवा हिस्सा जनुके सामायिक असतात. मग मामेबहीण टाळली की झाले का? तेही तितके सोपे नाही. दहा हजारांत एकाला होणाऱ्या दुर्मीळ आजाराचा धोका आते-मामे विवाहात सुमारे सातपट होतो. पण ज्या समाजात बिघडलेल्या प्रतीचे प्रमाण दहा टक्के आहे, तिथे परक्याशी लग्न केले तरी धोका शंभरात एक असतो आणि मामेबहिणीशी केले तर जेमतेम दीडपट. म्हणजे सिकलसेल किंवा थॅलेसेमिया जिथे खूप पसरलेला आहे तिथे खरा धोका जवळच्या नात्यापेक्षा पोटजातीतच लग्न करण्याच्या रूढीत आहे. या मुद्द्यावर आपण सोयीस्कर मौन पाळतो.

यावर आरोग्यसेवकांचा एक रास्त आक्षेप येतो. पाड्यावर जाऊन हे चार हिशेब कोण समजावणार? तिथे सरळ भाषाच हवी: दोघे वाहक असतील तर धोका. मान्य. समुपदेशनासाठी सिकलसेलला अप्रभावी म्हणणे योग्यच आहे, कारण तिथे प्रश्न आजाराचा असतो. पण ती सरळ भाषाही दोन ठिकाणी घसरते. दोघे वाहक असताना ‘चारांतले एक मूल आजारी’ असे सांगितले जाते आणि पहिले आजारी निघाले की पुढची तीन सुरक्षित, असे घरचे धरून चालतात. शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने २५ टक्के असते. आधीच्या मुलाचा पुढच्याशी संबंध नाही. दुसरी घसरण वाहकाला रुग्ण समजण्याची. सोल्युबिलिटी ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या मुलीचे लग्न मोडते, ते या गैरसमजामुळे. थॅलेसेमियात याच्या उलट घडते. वाहकाच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी आणि पेशींचा आकार लहान दिसतो. ते लोहाच्या कमतरतेवर ढकलले जाते आणि महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात. ‘एचबी ए-टू’ या प्रकारचे हिमोग्लोबिन मोजले तर ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर सापडते आणि खरे कारण कळते. वाहकपणा आजार नाही आणि शून्यही नाही. अतिश्रमात किंवा खूप उंचीवर सिकलसेल वाहकालाही क्वचित त्रास होतो, कधी लघवीतून रक्त जाते. लग्नाआधी दोघांची तपासणी करायची ती नकार देण्यासाठी नव्हे. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करून घेण्याचा मार्ग आधीपासून ठाऊक असावा, म्हणून ती करायची.

रुग्णांच्या बाबतीतही जनुक तेच राहून गुण बदलतो, याची सर्वांत स्पष्ट साक्ष अलीकडच्या उपचारांत आहे. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्यात ‘एस’चा दोष नसतो, जन्मानंतर ते बंद होत जाते. भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांत ते काहीसे चालू राहते आणि त्यांचा त्रास आफ्रिकी रुग्णांपेक्षा बहुधा सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी हेच हिमोग्लोबिन वाढवते. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिलेला जनुक-संपादनाचा उपचारही ‘एस’ जनुकाला हात लावत नाही. तो गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचा लगाम काढतो आणि कळा थांबतात. दोन्ही बिघडलेल्या प्रती जागच्या जागी, पण आजार दिसत नाही. बीजपेशींतही त्या तशाच असतात, म्हणून असा उपचार घेतलेल्या रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला ‘एस’ची एक प्रत मिळणारच. त्रास पूर्ण थांबलेल्या रुग्णानेही मूल होऊ देण्याआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी.